वॉरंटीतली महागडी ऑटोमॅटिक, गिअर उतरताना गचके, आणि शोरूम म्हणतं 'नॉर्मल आहे'

हतनूरकाठ

नमस्कार मंडळी. गाड्यांच्या धाग्यांवर मी वाचनमात्रच असतो, पण आता गळ्याशी आलंय म्हणून लिहितो.

गाडी जर्मन कंपनीची मोठी सेडान, डिझेल, आठ गिअरची ऑटोमॅटिक. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रकरण अजून त्यांच्याच हातात आहे. वॉरंटी तीन वर्षांची, त्यातले शेवटचे काही महिने उरलेत. किलोमीटर चाळीस हजारांच्या आत. सगळ्या सर्व्हिसिंग कंपनीच्याच वर्कशॉपात झाल्यात.

गचका कधी बसतो ते नीट सांगतो. सकाळी गाडी थंड असताना काही नाही. हायवेला लागली की आठव्या गिअरपर्यंत कधी गेली ते कळतही नाही. पण सावदा-रावेर रस्त्यावर केळीच्या ट्रकमागे अर्धा तास रांगावं लागलं, ऊन डोक्यावर, एसी फुल्ल, की मग खेळ सुरू. वेग तिसावरून पंधरावर येतो, माझा पाय ब्रेकवर हलकाच असतो, आणि खालून 'धप्प'. सुरुवातीला मागून कुणी ठोकलं की काय म्हणून आरशात बघायचो. गेल्या आठवड्यात आई मागे बसली होती, मांडीवर वरणबट्टीचा डबा. एक गचका असा बसला की झाकण उडालं आणि वरण त्या फिक्या रंगाच्या लेदरवर. आई काही बोलली नाही, फक्त 'जुनी जीप बरी होती रे' एवढंच म्हणाली.

आमच्याकडे या कंपनीचं वर्कशॉप नाही. भुसावळ, जामनेर, पहूर, फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, सिल्लोड असं करत पावणेदोनशे किलोमीटर जायचं. गाडी दिली, त्यांनी रात्रभर ठेवली, सकाळी एक चक्कर मारली आणि सांगितलं, 'सर, फॉल्ट कोड नाही. ही या गिअरबॉक्सची नॉर्मल कॅरॅक्टरिस्टिक आहे.' कागदावर काय, तर 'जनरल चेकअप, ओके'.

हे खरंच नॉर्मल असतं का? नसेल तर त्यांच्याकडून वॉरंटीत काम कसं करून घ्यायचं? गाडी पेढीच्या नावावर आहे, त्यानं काही फरक पडतो का?

भरीतपार्टी

पन्नास-साठ लाख घालून गचके? भाऊ, आमच्या चोपडा-जळगाव एसटीत हेच तिकिटाच्या पैशात मिळतात, वर कंडक्टर गप्पा मारतो तो वेगळा.

असो. वाचतोय. मोठ्या भावाची गाडी याच वळणावर आहे.

गिरणाकाठ

मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कामात बरीच वर्षं काढलीत, आता स्वतःचं वर्कशॉप आहे (तुमच्या कंपनीचं नाही, त्यामुळे माझा यात फायदा-तोटा नाही). जरा लांब लिहितो.

तुमचा गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा) आहे असं धरतो. आत प्लॅनेटरी गिअरचे संच असतात आणि त्यांना धरायला-सोडायला ऑइलच्या दाबावर चालणारे क्लच. गिअर बदलतो म्हणजे एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. आता धरणाऱ्या क्लचच्या पिस्टनमागे जी पोकळी आहे ती आधी ऑइलनं भरायला लागते. ती किती मिलिसेकंदांत आणि किती दाबानं भरायची, हे गिअरबॉक्सचा संगणक म्हणजे टीसीयू ठरवतो. कमी भरली तर दोन्ही क्लच क्षणभर मोकळे राहतात आणि आरपीएमचा काटा वर उडतो. जास्त भरली तर दोन्ही एकदम धरतात आणि बसतो धक्का.

क्लच झिजतात, तसं हे गणित बदलतं. म्हणून टीसीयू ते सतत शिकत असतो, त्याला अ‍ॅडॉप्टेशन म्हणतात. आणि ऑइल तापलं की पातळ होतं, म्हणून तापमानाप्रमाणेही दाब कमीजास्त करावा लागतो. तुमचा त्रास फक्त तापल्यावर आणि फक्त गिअर उतरताना आहे, ही मोठी खूण आहे. थंड असताना घट्ट ऑइल व्हॉल्व्ह बॉडीतल्या (म्हणजे ऑइलचे मार्ग असलेल्या ठोकळ्यातल्या) झिजलेल्या जागेतून गळत नाही, दाब टिकतो. तापलं की तिथून निसटतं आणि दाब डगमगतो. व्हॉल्व्ह बॉडी, सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) आणि टीसीयू हे तिन्ही आजकाल एकाच डब्यात येतात, त्याला मेकॅट्रॉनिक म्हणतात. माझा पहिला संशय सॉफ्टवेअर आणि अ‍ॅडॉप्टेशनवर, दुसरा मेकॅट्रॉनिकवर.

आणि हो, 'फॉल्ट कोड नाही' म्हणजे 'दोष नाही' असं अजिबात नाही. टीसीयू कोड तेव्हाच टाकतो जेव्हा एखादं मूल्य ठरलेल्या मर्यादेबाहेर जातं. मर्यादेच्या काठावर बसलेला क्लच रोज धक्के देईल, पण कोड टाकणार नाही. वर्कशॉपनं कोड वाचून गाडी परत दिली असेल तर त्यांनी तपासणी केलीच नाही असं मी म्हणेन. त्यांनी लाइव्ह डेटा बघायला हवा: ऑइलचं तापमान, प्रत्येक क्लचचं अ‍ॅडॉप्टेशन मूल्य, तेही धक्का बसत असताना.

नॉर्मल काय असतं तेही सांगतो, नाहीतर उगाच भांडण होईल. सकाळी पहिल्या एक-दोन किलोमीटरला गिअर उशिरा पडणं नॉर्मल आहे, इंजिन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावेत म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. स्पोर्ट मोडमध्ये जरा झटका जाणवणं नॉर्मल. पूर्ण थांबायच्या आधी दोनवरून एकवर येताना अगदी बारीक हालचाल जाणवणं, तेही बऱ्याच गाड्यांत असतं. पण डब्याचं झाकण उडत असेल तर ते नॉर्मल नाही.

आबा धुळेकर

गिरणाकाठ यांचा अभ्यास मान्य, पण सगळेजण गिअरबॉक्सच्याच मागे का लागलेत? माझ्या गाडीला लळिंग घाट उतरताना असाच धप्प आवाज यायचा. वर्कशॉपवाले सॉफ्टवेअर टाकत बसले. शेवटी निघालं काय, तर गिअरबॉक्सखालचा रबरी माउंट फाटलेला. तीसेक वर्षं गाड्या वापरतोय, दहापैकी सात वेळा दोष स्वस्तातलाच असतो. माउंट बघा. मागची चाकं चालवणारी गाडी असेल तर प्रोपेलर शाफ्टची (मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्याची) रबरी चकतीही बघा.

गिरणाकाठ

आबा, बरोबर, ते बघायलाच हवं आणि स्वस्त असल्यानं आधी बघावं. पण फाटलेला माउंट थंड गाडीतही वाजतो. यांची गाडी सकाळी गप्प असते. आणि माउंट असेल तर डी (पुढे) मधून आर (मागे) मध्ये टाकतानाही ठोका बसतो. हतनूरकाठ, तो बसतो का?

आबा धुळेकर

रबर उन्हात मऊ पडतं. भुसावळच्या मे महिन्यात रबराचं काय होतं ते मला विचारा.

हतनूरकाठ

डी-आर करताना काही नाही, एकदम शांत. उभ्या गाडीत काहीच होत नाही.

कोंडाईबारी

मी नवापूरचा. माझीही युरोपियनच, पण छोटी, आणि तिला ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी (दोन क्लच आळीपाळीनं काम करतात), सात गिअरची, कोरड्या क्लचची. धुळ्याहून परत येताना घाटात ट्रकमागे रांगलो की थरथर. माझ्या बाबतीत क्लच पॅक वॉरंटीत बदलला. तुमचं वेगळं दिसतंय. लोक डीसीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर दोन्हीला सरसकट 'ऑटोमॅटिक' म्हणतात आणि एकाचे उपाय दुसऱ्याला सांगतात, म्हणून आधी आपला गिअरबॉक्स कुठल्या जातीचा आहे ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. डीसीटीवाल्यांनी मात्र ट्रॅफिकमध्ये ब्रेक अर्धवट सोडून गाडी इंचाइंचानं सरकवणं बंद करावं, क्लच तिथंच भाजतो.

सातपुडा_४७

विकून टाका. खरंच. आपल्याकडे घाटापलीकडे वर्कशॉप, पार्ट मागवायला आठवडे, आणि वॉरंटी संपली की मेकॅट्रॉनिकचं बिल बघून झोप उडते. जपानी घ्या, सुखी व्हा.

भरीतपार्टी

सातपुडा साहेब, तुमचा प्रत्येक धाग्यावर हाच सल्ला असतो. परवा फ्रिजच्या धाग्यावरही 'जपानी घ्या' म्हणालात.

काळा कोट

मी धुळ्यात वकिली करते, ग्राहक आयोगातली प्रकरणं बऱ्यापैकी बघते. हतनूरकाठ भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते.

गाडी पेढीच्या नावावर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'व्यावसायिक हेतूसाठी' वस्तू घेणारा ग्राहक धरला जात नाही, आणि समोरचा वकील पहिला हाच आक्षेप घेतो. पण २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका आलिशान गाडीच्याच प्रकरणात, संचालकाच्या वापरासाठी कंपनीच्या नावावर घेतलेली गाडी व्यावसायिक हेतूची मानायला नकार दिलाय. गाडी तुम्ही आणि घरचे वापरता, भाड्यानं चालवत नाही, एवढं दाखवता आलं की भागतं. केळीचे घड त्यात भरून नेत नसाल अशी अपेक्षा.

आता कुठे जायचं. ५० लाखांपर्यंतची वस्तू असेल तर जिल्हा आयोग, ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. ही रक्कम म्हणजे वस्तूसाठी दिलेली किंमत, तुम्ही मागितलेली भरपाई नव्हे. त्यामुळे बिलावरचा आकडा आधी बघा, त्यावर तुमचा गावाजवळचा आयोग की राज्य आयोग हे ठरेल. जुन्या कायद्यात विक्रेता जिथे असेल किंवा कारण जिथे घडलं असेल तिथे जावं लागायचं, आता तुम्ही जिथे राहता तिथूनही तक्रार करता येते. खानदेशातल्या माणसाला हा मोठाच दिलासा. फी फार नाही, २० ते ५० लाखांसाठी १,००० रुपये, ५० लाख ते १ कोटीसाठी २,०००. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही भरता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं.

पण माझा अनुभव विचाराल तर लगेच आयोगात जाऊ नका. कायद्यात लिहिलंय, ३ महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर ५ महिन्यांत. प्रत्यक्षात काय होतं ते मी इथे लिहायला नको. शिवाय 'गाडीच बदलून द्या' ही मागणी सहसा टिकत नाही. २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, तक्रार क्लचचीच होती. वॉरंटी जर सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची असेल तर भाग बदला, अख्खी गाडी नाही, असा त्याचा अर्थ. आणि उत्पादनातला दोष म्हणायचं तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो, नुसतं 'धक्के बसतात' चालत नाही.

म्हणून आत्ताची खरी लढाई कागदाची आहे. तुमच्या जॉब कार्डावर 'जनरल चेकअप, ओके' लिहिलंय, म्हणजे कागदोपत्री तुम्ही तक्रार केलेलीच नाही! उद्या वॉरंटी संपली की ते म्हणतील, हा त्रास नंतर सुरू झाला. तक्रार तुमच्या शब्दांत जॉब कार्डावर चढली पाहिजे. ते 'नॉर्मल आहे' म्हणत असतील तर तेही लेखी मागा. तोंडी 'नॉर्मल' म्हणणारा माणूस सही करायची वेळ आली की फार विचार करायला लागतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबरही ठेवा. तिथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे जाते, आणि बऱ्याचदा वर्कशॉपपेक्षा वरचा माणूस फोन करतो.

खान्देशी पोऱ्या

भाऊ, आम्हनं तं सोपं शे. गाडी गचका दी ऱ्हायनी ना, तं शोरूमवालाले मांगे बसाड, वरणना डबा त्याना मांडीवर दे, आन मंग इचार, 'आते सांग, हाई नॉर्मल शे का?'

गिरणाकाठ

पोऱ्या चेष्टेत बोलला, पण उपाय हाच आहे. तुमची गाडी रात्रभर त्यांच्या शेडमध्ये थंड झाली आणि सकाळी त्यांनी ती मोकळ्या रस्त्यावर फिरवली. जो दोष फक्त तापल्यावर येतो तो त्यांना दिसणार कसा? गाडी तापलेली असतानाच पोचा, चावी देऊ नका, फोरमनला शेजारी बसवा आणि तुम्ही चालवा. फोन डॅशबोर्डवर असा लावा की आरपीएमचा काटा, वेग आणि कितवा गिअर आहे ते दिसेल आणि आवाजही येईल.

दोन गोष्टी करू नका. जळगावात एमआयडीसीत कुणीतरी 'स्कॅनर लावून अ‍ॅडॉप्टेशन रीसेट करून देतो' म्हणेल. वॉरंटी चालू असताना कशाला हात लावू देऊ नका, नंतर तेच कारण पुढे होतं. आणि ओबीडी पोर्टात (स्कॅनर जोडायच्या सॉकेटात) काही स्वस्तातलं यंत्र, ट्यूनिंगचा डबा वगैरे लावला असेल तर काढून ठेवा.

हतनूरकाठ

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

बिल बघितलं, एक्स-शोरूमच ५० लाखांच्या वर आहे, म्हणजे ताई म्हणतात तसं राज्य आयोग. तिथवर जायला लागू नये अशीच इच्छा आहे.

दुपारी निघालो. फर्दापूरला घाट सुरू व्हायच्या आधीपासून ट्रकची रांग होती, ऊन असं की स्टिअरिंगला हात लावायला नको. एरवी शिव्या दिल्या असत्या, त्या दिवशी रांग बघून आनंद झाला. वर्कशॉपच्या दारात पोचलो तेव्हा गाडी पुरती तापलेली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हात पुढे करून 'सर, चावी द्या, आपण कॉफी घ्या'. म्हटलं कॉफी नंतर, आधी फोरमनला बोलवा.

फोरमन वयानं मोठे, कमी बोलणारे. शेजारी बसले. जवळच भाजीबाजाराचा रस्ता होता, तिथे घातली गाडी. हातगाड्या, रिक्षा, वेग वीस-तीसच्या वर जात नाही. पहिल्या काही मिनिटांत काहीच नाही, आणि मला घाम फुटला, म्हटलं आज नेमकी शहाण्यासारखी वागणार. मग एका रिक्षामागे वेग कमी केला आणि 'धप्प'. फोरमन माझ्याकडे बघायच्या ऐवजी डॅशकडे बघायला लागले. पुढच्या चौकात परत. त्यांच्या खिशातलं टायरचं प्रेशर बघायचं पेन घरंगळून खाली पायाशी. तेव्हा म्हणाले, 'तीनवरून दोन. हा धक्का आहे.' मी म्हटलं, 'साहेब, एवढंच लिहून द्या.'

काउंटरवर अ‍ॅडव्हायझर परत 'गिअरबॉक्स चेक' एवढंच टाइप करायला लागला. मी उभा राहून सांगितलं ते असं: 'गिअरबॉक्स तापल्यावर, वेग ३० वरून १५ वर येताना, ब्रेकवर हलका पाय असताना ३-२ आणि २-१ उतरताना जोराचा धक्का. फोरमनसोबतच्या रोड टेस्टमध्ये दिसला.' शेवटचं वाक्य घालायला तो तयार नव्हता. फोरमन मागून म्हणाले, 'घाल, मी होतो ना.' या माणसाचे उपकार.

आबा, माउंट बघायला सांगितलंय.

आबा धुळेकर

बरं केलंत. कळवा.

गिरणाकाठ

उत्तम. आता एक गोष्ट त्यांना जरूर विचारा: ऑइलची पातळी कशी तपासली? या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू, आणि ऑइल साधारण ४० अंशांच्या आसपास असताना बाजूचा प्लग उघडून बघायचं असतं. त्याहून गरम असेल तर ऑइल फुगलेलं असतं, प्लगमधून जास्तीचं बाहेर येतं आणि प्रत्यक्षात पातळी कमी राहते. आता मे महिन्यात आपल्या भागात सावलीतलंच तापमान ४२-४५ असतं, आणि पावणेदोनशे किलोमीटर पळून आलेल्या गाडीचं ऑइल त्याच्या दुप्पट. ते काम पहाटेच व्हायला हवं. युरोपात लिहिलेल्या मॅन्युअलला ही अडचण माहीतच नाही.

भरीतपार्टी

ऑइलचा विषय निघालाच आहे तर, आमच्या भावाला सांगितलंय 'लाइफटाइम ऑइल, कधीच बदलायचं नाही'. खरं का?

गिरणाकाठ

गाडीवाले तसं म्हणतात. पण जे गिअरबॉक्स बनवतात त्यांच्यातली झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदला, आणि उष्ण हवा, ओझं ओढणं, सतत जोरात चालवणं असेल तर आणखी आधी. आपलं हवामान कुठल्या गटात येतं ते तुम्हीच ठरवा. वॉरंटीतल्या चाळीस हजारांच्या गाडीला मात्र स्वतःच्या पैशानं ऑइल बदलून 'बघू फरक पडतो का' असं करू नका. दोष तिथेच राहतो आणि पुरावा ड्रेनमध्ये वाहून जातो.

हतनूरकाठ

पुढचं अपडेट, जरा उशिरानं, कारण मध्ये केळीचा हंगाम आणि भाव दोन्ही अंगावर होते.

पहिल्या खेपेला त्यांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली, अ‍ॅडॉप्टेशन पुसून नव्यानं शिकवलं. ते शिकवणं म्हणजे ठराविक वेगानं, ठराविक हलक्या पायानं, प्रत्येक गिअर पुन्हा पुन्हा चढवायचा-उतरवायचा. फोरमननं स्वतः केलं, मी सोबत होतो. गाडी घरी आणली तेव्हा एकदम नवी वाटली. मृगाची पहिली सर येऊन हवा गार झाली तेव्हा तर मी विसरूनही गेलो होतो. मग पावसानं दडी मारली, ऊन तापलं, आणि रावेर रस्त्यावर परत धप्प.

यावेळी ताईंच्या सल्ल्यानं वर्कशॉपला फोन न करता थेट कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल केला. दोन्ही जॉब कार्ड, व्हिडिओ, आणि तीन ओळी: दोष वॉरंटीत नोंदवला, एकदा दुरुस्ती करून परत आला, वॉरंटीच्या तारखेनंतरही ही तक्रार वॉरंटीतलीच धरावी हे लेखी कळवा. रागाचा एक शब्द लिहिला नाही, लिहायचा होता पण ताईंनी खोडला.

उत्तर यायला वेळ लागला आणि पहिलं उत्तर 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे' छापाचंच होतं. मग १९१५ वर नोंद केली. त्यानंतर कंपनीचा तांत्रिक माणूस वर्कशॉपात येणार म्हणून तारीख मिळाली. त्यानं लॅपटॉप लावून माझ्यासोबत त्याच भाजीबाजारात चक्कर मारली. गिरणाकाठ म्हणाले होते तेच निघालं: एका क्लचचं अ‍ॅडॉप्टेशन मूल्य पार मर्यादेच्या टोकाला टेकलेलं, कोड मात्र नाही. मेकॅट्रॉनिक बदलायचा निर्णय त्याच दिवशी झाला. पार्ट बाहेरून यायचा होता, तोवर गाडी वापरायची परवानगी लेखी घेतली.

आता बदलून झालंय. पार्ट, नवं ऑइल, मजुरी, सगळं शून्य रुपये. पातळी कधी बघितली असं विचारलं तर फोरमन हसले, 'सकाळी साडेसहाला, तुमच्यासाठी लवकर आलो.' अजिंठ्याचा घाट, सिल्लोडचा बाजार, रावेर रस्ता, सगळीकडे भर दुपारी चालवून बघितली. तीन-दोनचा धक्का गेला. दोन-एकला अगदी थांबताना कधीतरी बारीकसं जाणवतं, ते गिरणाकाठ यांच्या 'नॉर्मल'मध्ये बसतं असं मी धरून चाललोय.

सातपुडा_४७

अभिनंदन. पण वॉरंटी संपली की विका.

काळा कोट

भाऊ, दोन कामं राहिलीत. एक, बदललेल्या भागाला स्वतंत्र वॉरंटी आहे की मूळ वॉरंटीबरोबरच संपते, हे तुमच्या वॉरंटी पुस्तिकेत बघा आणि मेलवर विचारून घ्या. कंपनीगणिक वेगळं असतं. दोन, वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर सहसा मूळ संपायच्या आत घ्यावी लागते, आणि त्यात मेकॅट्रॉनिक आणि टॉर्क कन्व्हर्टर नावानिशी आहेत का ते वाचून मगच पैसे भरा. 'ट्रान्समिशन कव्हर्ड' एवढ्या शब्दावर जाऊ नका. सॉफ्टवेअर, सील आणि ऑइल बऱ्याच योजनांत वगळलेलं असतं. आणि जुने जॉब कार्ड फेकू नका, थर्मल कागदावरची अक्षरं कालांतरानं उडतात, स्कॅन करून ठेवा.

शिरपूरचा_सुत

माझीही अशीच, पण चढताना. दोनवरून तीनला काटा वर उडतो आणि मग झटका. हाच मेकॅट्रॉनिक का?

गिरणाकाठ

तुमचं उलटं आहे. काटा उडतो म्हणजे धरणारा क्लच उशिरा धरतोय. कारण तेच असू शकतं, पण आधी ऑइलची पातळी बघून घ्या. सम्पच्या (गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) कडेनं पाझर आहे का तेही, गाडी लिफ्टवर घेऊन खालचं कव्हर काढल्याशिवाय दिसत नाही. आणि काटा उडत असताना गाडी जास्त चालवू नका, तिथे क्लच घासून जळतो, धक्क्यात तसं होत नाही. बिजासणीच्या घाटात तर नकोच.

शिरपूरचा_सुत

वॉरंटी पुढच्याच महिन्यात संपते.

काळा कोट

मग आजच मेल करा. वर्कशॉपची तारीख नंतर मिळू द्या, तक्रारीची तारीख आजची हवी.

आबा धुळेकर

हतनूरकाठ, सगळं वाचलं, आनंद झाला. पण माउंटचं तुम्ही सांगितलंच नाही.

हतनूरकाठ

बघितला आबा. फोरमननं टॉर्च लावून दाखवला. शाबूत आहे.

आबा धुळेकर

आत्ता शाबूत आहे. पुढच्या मे महिन्यात परत बघा.